पुतळा की दस्तऐवज? : स्थिर प्रदर्शनातील जुन्या लष्करी विमानांच्या जतनाची चिकित्सा

प्रस्तावना

शहराच्या चौकात, सार्वजनिक उद्यानात, विज्ञान केंद्राच्या आवारात किंवा लष्करी तळाच्या प्रवेशद्वाराशी चबुतऱ्यावर उभे केलेले जुने लढाऊ विमान हे दृश्य भारतात आता सर्वपरिचित झाले आहे. सेवानिवृत्त विमान मोडीत न काढता लोकांसमोर ठेवावे, त्यातून देशाच्या संरक्षणाविषयी आस्था निर्माण व्हावी आणि तरुणांना हवाई दलाचे आकर्षण वाटावे, असा यामागील हेतू असतो. या हेतूविषयी मतभेद असण्याचे कारण नाही. तथापि विमान उभे करण्याच्या समारंभाची जेवढी चर्चा होते, तेवढी त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत त्या विमानाचे काय होते याची होत नाही.

हा प्रश्न आज अधिक निकडीचा झाला आहे. १९६३ मध्ये हवाई दलात दाखल झालेले मिग-२१ हे विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथील समारंभाने सेवेतून निवृत्त झाले. सहा दशकांहून अधिक काळ सेवेत राहिलेल्या आणि शेकडोंच्या संख्येने वापरल्या गेलेल्या या विमानाचे सांगाडे आपल्या आवारात असावेत, अशी इच्छा अनेक संस्थांना होणे स्वाभाविक आहे. अशा वेळी यापूर्वी उभ्या केलेल्या विमानांच्या बाबतीत काय साधले आणि काय गमावले, याचा हिशेब मांडणे आवश्यक ठरते.

या विमानांची हानी दुर्लक्षामुळे होते, असे सामान्यतः मानले जाते. हे निदान खरे असले तरी अपुरे आहे. विमानाकडे लक्ष देण्याची जी पद्धत आपल्याकडे रूढ आहे, तीही हानीला हातभार लावते. कारण ती विमानाला पुतळा मानते, दस्तऐवज मानत नाही. प्रस्तुत लेखात याच भूमिकेतून स्थिर प्रदर्शनाच्या प्रथेची चिकित्सा केली आहे.

१. पुतळा आणि दस्तऐवज

पुतळा हा कोणाचे तरी स्मरण करून देण्यासाठी घडवलेला असतो. त्याचे बाह्यरूप हेच त्याचे सर्वस्व होय. तो स्वच्छ असावा, रंग उडालेला नसावा, त्याला वर्षातून एकदा हार घालावा, एवढ्यावर त्याची देखभाल संपते. दस्तऐवजाचे तसे नसते. त्याचे मूल्य त्याच्या अस्सलपणात असते. जुन्या कागदावरील खाडाखोड, समासातील नोंद, शाईचा बदल या सर्वांतून अभ्यासकाला माहिती मिळते. म्हणूनच जीर्ण झालेल्या बखरीचे पान कोणी नव्या शाईने गिरवून काढत नाही.

लष्करी विमान हे दोन्ही असू शकते. १९६५ किंवा १९७१ च्या युद्धात लढलेल्यांचे ते स्मारक आहे. त्याच वेळी ज्या कारखान्यात ते घडले तेथील यंत्रविद्येचा, कामगारांच्या कौशल्याचा आणि पुढे झालेल्या दुरुस्त्यांचा तो वस्तुरूप पुरावा आहे. रिव्हेटच्या रांगा, एखाद्या झाकणाच्या कडेला मागाहून जोडलेली पट्टी, भागांवर ठोकलेले क्रमांक, पृष्ठभागावर छापलेल्या सूचना हे सर्व वाचता येते. कागदोपत्री नोंदी नष्ट झाल्या किंवा गोपनीयतेमुळे उपलब्ध झाल्या नाहीत, तर हा धातूचा पुरावाच काय तो उरतो. आपल्याकडील प्रदर्शनपद्धतीत या दोन भूमिकांपैकी पहिलीच मान्य झाली आहे. विमानासमोरील फलकावर बहुधा विमानाचे नाव, वेग, लांबी-रुंदी आणि ज्यांच्या हस्ते अनावरण झाले त्यांचे नाव असते. हे विशिष्ट विमान कोणत्या वर्षी, कोठे घडले, कोणत्या तुकडीत किती काळ होते, त्याचे कोणते भाग मूळ आहेत आणि कोणते दुसऱ्या विमानावरून आणून बसवले आहेत, याविषयी फलक मौन बाळगतो.

२. धातूचे क्षरण आणि हवामान

ॲल्युमिनिअम गंजत नाही, हा समज सर्वत्र आढळतो. लोखंडासारखा तांबडा गंज त्याला चढत नाही, एवढ्यापुरताच तो खरा आहे. विमानासाठी शुद्ध ॲल्युमिनिअम उपयोगी नसते, कारण ते मऊ असते. त्यात सुमारे ४ टक्के तांबे आणि अल्प प्रमाणात मॅग्नेशिअम, मँगनीज मिसळून बळकट केलेला मिश्रधातू वापरला जातो. ज्या तांब्यामुळे त्याला बळ येते त्याच तांब्यामुळे त्याची क्षरणाला तोंड देण्याची शक्ती कमी होते. धातूच्या कणांच्या सीमारेषांवरून क्षरण आत शिरते आणि कालांतराने पत्रा पापुद्र्यासारखा सुटू लागतो. बाहेरून रंग शाबूत दिसत असतानाही ही क्रिया आत चालू राहू शकते.

याला दुसरी बाजू आहे. विमानात ॲल्युमिनिअमला पोलादी बोल्ट, मॅग्नेशिअमचे ओतीव भाग, कॅडमिअमचा मुलामा दिलेले जोड असे अनेक धातू चिकटून असतात. दोन भिन्न धातूंमध्ये क्षारयुक्त ओलावा शिरला की विद्युतघटासारखी क्रिया सुरू होते आणि दोहोंपैकी अधिक क्रियाशील धातू झिजत जातो. समुद्रकिनाऱ्यावरील हवेत हे क्षार मुबलक असतात.

सेवेत असलेल्या विमानाला या धोक्यांपासून वाचवणारी व्यवस्था असते. ते धुतले जाते, त्याची झाकणे उघडून तपासणी होते, सांध्यांत संरक्षक द्रव्य भरले जाते. पावसाचे पाणी निघून जावे म्हणून पोटाशी निचऱ्याची छिद्रे ठेवलेली असतात. विमान चाकांवर उभे असताना किंवा उडताना ज्या स्थितीत असते, ती गृहीत धरूनच ही छिद्रे पाडलेली असतात. तेच विमान नाक वर करून किंवा एका कुशीवर कलवून खांबावर बसवले की पाण्याचा सर्वात खालचा बिंदू बदलतो. छिद्र एकीकडे आणि पाणी दुसरीकडे, अशी अवस्था होते. पुढे हवा आत घेण्याच्या मार्गात पक्षी घरटी करतात; काटक्या, माती आणि विष्ठा यांचा ओला थर धातूला चिकटून राहतो. वैमानिककक्षावरील पारदर्शक आच्छादन उन्हाने पिवळे पडते, त्याला बारीक तडे जातात आणि मग पाणी थेट आत उतरते. हवा गेलेल्या टायरवर वर्षानुवर्षे भार राहिल्याने रबर फाटते आणि विमान चाकाच्या धातूवर टेकते.

ज्या हवामानात ही प्रथा आपण चालवतो त्याचाही विचार केला पाहिजे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात निवृत्त विमाने मोठ्या संख्येने उघड्यावर ठेवली जातात, कारण तेथील वाळवंटी हवा कोरडी आहे. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक आणि गोव्यात सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत आणि खाऱ्या वाऱ्यासह. एके ठिकाणी निभावणारी पद्धत दुसरीकडे निभावेल असे मानता येत नाही. १९९८ मध्ये गोव्यात बोगमाळोजवळ नौदलाचे हवाई संग्रहालय सुरू झाले. २०१७ मध्ये निवृत्त झालेले टीयू-१४२ हे प्रचंड गस्ती विमान त्याच वर्षी विशाखापट्टणमच्या समुद्रकिनाऱ्यावर संग्रहालयरूपाने खुले झाले. नौदलाच्या विमानांचे स्थान समुद्राजवळ असावे हे भावनिकदृष्ट्या उचित आहे. मात्र जतनाच्या दृष्टीने ते सर्वात खडतर स्थान होय. अशा ठिकाणी देखभालीचा भार इतरत्र लागतो त्यापेक्षा कितीतरी अधिक असणार, हे आरंभीच गृहीत धरावे लागते.

सर्व विमाने धातूचीही नसतात. १९४८ मध्ये हवाई दलात आलेल्या व्हॅम्पायर या पहिल्या जेट विमानाच्या धडाचा पुढील भाग प्लायवूड आणि बाल्सा या हलक्या लाकडाचा आहे. अशा विमानाला बाहेरून तेलरंग लावून उघड्यावर ठेवणे म्हणजे लाकडी पेटी पावसात ठेवून तिला वार्निश करत राहण्यासारखे आहे.

३. रंगकामाची चिकित्सा

दुर्लक्षाची ओरड झाली की संबंधित यंत्रणा जे पहिले पाऊल उचलते, ते म्हणजे रंगकाम. स्वातंत्र्यदिन, प्रजासत्ताकदिन किंवा एखाद्या मान्यवराची भेट यांच्या आधी विमान नव्याने रंगवले जाते. रंगाचा लेप हा धातूचे रक्षण करतो, म्हणून रंगकाम मुळातच चूक आहे असे म्हणता येणार नाही. प्रश्न ते कसे केले जाते याचा आहे.

जुना रंग उतरवण्यासाठी पृष्ठभाग पॉलिशपेपरने किंवा यंत्राने घासला जातो. विमानाच्या पुष्कळशा पत्र्यांवर शुद्ध ॲल्युमिनिअमचा अतिशय पातळ थर कारखान्यातच चढवलेला असतो आणि तोच आतील मिश्रधातूचे रक्षण करतो. घासण्यात हा थर निघून गेला की ज्या उपायाने विमान वाचवायचे त्यानेच त्याचे कवच काढून घेतलेले असते. ॲल्युमिनिअमला योग्य असे अस्तर न लावता इमारतीचा तेलरंग लावला तर तो लवकर सुटतो, त्याच्याखाली ओलावा धरून राहतो आणि क्षरण दिसेनासे होते. दिसेनासे झालेले क्षरण हे दिसणाऱ्या क्षरणापेक्षा अधिक घातक असते, कारण त्याची तपासणी कोणी करत नाही.

दुसरी हानी माहितीची होते. जुन्या रंगाच्या थरांत त्या विमानाचा सेवाकाळ साठलेला असतो. तुकडीचे चिन्ह बदलले, विमान दुसऱ्या तळावर गेले, युद्धकाळात घाईने मातकट-हिरवा रंग दिला गेला, अशा घटना एकावर एक थरांत वाचता येतात. पृष्ठभागावरील बारीक अक्षरांतील सूचना, जसे कोठे पाय ठेवावा, कोठे ठेवू नये, कोणत्या इंधनाची टाकी कोणती, या तंत्रज्ञांच्या दैनंदिन कामाच्या खुणा आहेत. नव्या रंगकामात बहुधा फक्त राष्ट्रीय वर्तुळचिन्ह, शेपटीवरील ध्वज आणि क्रमांक पुन्हा काढले जातात. क्रमांक काढताना एखादा आकडा चुकला तर विमानाची ओळखच बदलते आणि पुढील अभ्यासक त्या चुकीच्या ओळखीवर आपले अनुमान बांधतो.

विमानाची सेवा एकाहून अधिक टप्प्यांत झाली असेल, तर कोणते रूप जतन करायचे हा प्रश्न अधिक अवघड होतो. गोव्याच्या संग्रहालयातील सुपर कॉन्स्टेलेशन याचे उत्तम उदाहरण आहे. एअर इंडियाच्या ताफ्यात प्रवासी विमान म्हणून आलेले हे यंत्र नंतर हवाई दलाकडे आणि १९७० च्या दशकात नौदलाकडे गस्तीच्या कामासाठी गेले. त्याला केवळ नौदलाचे विमान म्हणून पाहिले तर भारतीय नागरी विमानवाहतुकीच्या एका वैभवशाली पर्वाचा पुरावा दुय्यम ठरतो. येथे एकच रंग देऊन निर्णय संपवण्याऐवजी तिन्ही टप्प्यांच्या खुणा शोधून नोंदवणे हेच शास्त्रीय ठरेल.

४. मारुत : एक उदाहरण

पुतळा मानल्याने नेमके काय गमावते, हे एच.एफ.-२४ मारुत या विमानाच्या उदाहरणाने स्पष्ट होते. जर्मन अभिकल्पक कुर्ट टँक यांच्या नेतृत्वाखाली बंगळूर येथे या लढाऊ विमानाचा आराखडा तयार झाला. प्रत्यक्ष विमानाआधी त्याच आकाराचे लाकडी ग्लायडर १९५९ मध्ये उडवून पाहण्यात आले. १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी मारुतचे पहिले उड्डाण केले. एकूण १४७ विमाने बनली, त्यांत १८ दोन आसनांची प्रशिक्षण विमाने होती. १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर या विमानांनी भूदलाला साहाय्य केले. १९८० च्या दशकात त्यांच्या तुकड्या एकामागून एक बंद झाल्या आणि १९९० पर्यंत मारुत सेवेतून गेले.

मारुतची कथा यशाची तशीच अपुरेपणाचीही आहे. ध्वनीहून अधिक वेगासाठी आखलेल्या या विमानाला त्या ताकदीचे इंजिन कधीच मिळाले नाही. ऑर्फियस ७०३ या इंजिनांच्या जोडीवरच त्याला समाधान मानावे लागले. योग्य इंजिनासाठी भारताने इजिप्तच्या प्रकल्पाशीही सहकार्य करून पाहिले. चार ३० मिलिमीटर तोफा एकाच वेळी डागल्या असता होणाऱ्या कंपनांचा प्रश्न दीर्घकाळ सतावत राहिला. इंजिनाची शक्ती वाढवण्याच्या प्रयत्नातील एका चाचणीउड्डाणात १९७० मध्ये सुरंजन दास यांचा मृत्यू झाला. नव्याने स्वतंत्र झालेल्या, औद्योगिक पाया तोकडा असलेल्या देशाने आपल्या सामर्थ्याबाहेरचे काम अंगावर घेतले, तेव्हा कोठे मार्ग सापडला आणि कोठे तडजोड करावी लागली, याचा हा इतिहास आहे.

हा इतिहास लिहायचा तर विमानाचा सांगाडा हे महत्त्वाचे साधन आहे. तोफांभोवतीचा भाग कसा बळकट केला, एका विमानाचे झाकण दुसऱ्याला बसत होते की प्रत्येक भाग हाताने जुळवावा लागत होता, आरंभीच्या आणि नंतरच्या विमानांत जोडकामाचा दर्जा कसा बदलला, या प्रश्नांची उत्तरे धातूवर शोधता येतात. मारुत आज दिल्लीतील पालम येथील हवाई दलाच्या संग्रहालयात, बंगळूरमध्ये, मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात आणि पुण्याच्या कमला नेहरू उद्यानात आहे. जर्मनीतील डॉइचेस म्युझियमच्या संग्रहातही एक मारुत आहे. एवढ्या मोजक्या नमुन्यांपैकी कोणते विमान कोणत्या उत्पादनमालिकेतील आहे आणि त्यात किती मूळ भाग टिकून आहेत, याची तुलनात्मक नोंद हा कोणत्याही संशोधनाचा पहिला पाया ठरावा. उद्यानात येणाऱ्या मुलाला विमान पाहून आनंद होतो, ही लहान गोष्ट नाही. मात्र त्याच विमानाच्या पोटात देशाच्या यंत्रविद्येचा एक अप्रकाशित ग्रंथ आहे, हे त्याची देखभाल करणाऱ्याला ठाऊक असेल तर त्याचा हात वेगळ्या रीतीने चालेल.

महाराष्ट्राच्या संदर्भात मिग-२१ चेही असेच आहे. हे विमान रशियन आराखड्याचे असले तरी त्याचे उत्पादन नाशिकजवळील ओझर येथील कारखान्यात झाले. त्या कारखान्याने नाशिक परिसरात कुशल कामगारांची एक पिढी घडवली. चबुतऱ्यावरील मिग-२१ समोर वैमानिकांच्या पराक्रमाची नोंद असते. ज्या हातांनी ते जोडले त्यांची नोंद क्वचितच असते. ते कामगार आज वृद्ध झाले आहेत. विमानाचा सांगाडा आणि त्यांची आठवण ही दोन्ही एकत्र अभ्यासली तरच तो इतिहास पूर्ण होईल आणि यासाठी उपलब्ध असलेला अवधी मर्यादित आहे.

५. विक्रांत आणि लिबरेटर : दोन धडे

वस्तू टिकवण्यात आलेल्या अपयशाचा सर्वात बोलका अनुभव मुंबईने घेतला आहे. विक्रांत ही विमानवाहू युद्धनौका १९६१ मध्ये नौदलात दाखल झाली. १९७१ च्या युद्धात तिच्यावरून उडालेल्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी पूर्व पाकिस्तानातील बंदरांवर हल्ले केले. १९९७ मध्ये निवृत्त झाल्यावर ती मुंबईत संग्रहालय म्हणून ठेवण्यात आली. तळ धोकादायक झाल्याने २०१२ मध्ये संग्रहालय बंद झाले आणि न्यायालयीन प्रयत्नांनंतरही २०१४ मध्ये ती मोडीत काढण्यात आली. पुढे तिच्या धातूचा काही अंश २०१६ मध्ये बाजारात आलेल्या एका मोटारसायकलमध्ये वापरला गेला आणि त्याच वर्षी मुंबईत तिच्या अवशेषांतून एक स्मारकही उभे राहिले. धातू उरला, त्याला भावनिक मूल्यही लाभले; परंतु तिची अंतर्गत रचना, उड्डाणतळाची यंत्रणा, खलाशांच्या वावराच्या खुणा यांपैकी अभ्यासता येईल असे काही त्यात नाही. स्मारक टिकले आणि दस्तऐवज नष्ट झाला, असे या घटनेचे वर्णन करता येईल.

याच्या उलट धडा लिबरेटर या बाँबफेकी विमानाचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी कानपूर येथे मुद्दाम निकामी करून टाकून दिलेली ही विमाने हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या तंत्रज्ञांनी १९४८ पासून दुरुस्त केली आणि हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली. जगभर १८ हजारांहून अधिक लिबरेटर बनले होते, तरी इतर देशांनी आपले ताफे युद्धानंतर लवकरच मोडीत काढले. परिणामी ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांना आपल्या संग्रहालयांसाठी लिबरेटर हवे झाले, तेव्हा ते भारताकडून घ्यावे लागले. आज जगात शिल्लक असलेल्या मोजक्या लिबरेटरपैकी बरेचसे भारतीय हवाई दलातून गेलेले आहेत. कानपूरच्या मैदानावरील भंगारातून यंत्र उभे करणाऱ्या त्या तंत्रज्ञांचे काम जगाच्या वारशाला उपकारक ठरले. मात्र परदेशी संग्रहालयांत यांपैकी काही विमाने अमेरिकन किंवा ब्रिटिश रंगात उभी आहेत आणि त्यांच्या आयुष्यातील वीस वर्षांचा भारतीय अध्याय रंगाखाली गेला आहे. रंगकामाने इतिहास झाकला जातो, हा दोष केवळ आपलाच नाही, एवढे यावरून दिसते.

६. कायदा आणि उत्तरदायित्व

या वस्तूंना कायद्याचे संरक्षण कितपत आहे? पुरावशेष व कलावस्तू अधिनियम, १९७२ नुसार सामान्यतः शंभर वर्षांहून जुन्या वस्तूसच पुरावशेष म्हणता येते. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. हा निकष मूर्ती, नाणी, शस्त्रे यांना अनुरूप आहे. मारुतचे पहिले विमान या व्याख्येत बसायला २०६१ साल उजाडावे लागेल. दगड शंभर वर्षे वाट पाहू शकतो, उघड्यावरील ॲल्युमिनिअमचा पातळ पत्रा पाहू शकत नाही. विसाव्या शतकातील यंत्रे कायद्याच्या दृष्टीने वारसा होईपर्यंत त्यांतील पुष्कळशी वारसा म्हणून उरलेली नसतील, ही विसंगती धोरणकर्त्यांनी लक्षात घेणे जरूर आहे.

मालकी आणि देखभाल यांची फारकत हाही एक अडसर आहे. विमान सैन्यदलाकडून येते, जागा एखाद्या स्थानिक संस्थेची असते आणि रोजची देखभाल उद्यान किंवा बांधकाम विभागाकडे जाते. या विभागांकडे हौदांची, बाकांची आणि हिरवळीची व्यवस्था पाहणारी माणसे असतात. विमानाचा धातू ओळखणारा कोणी नसतो. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. ज्याला विमान हे बागेतील शोभेचे साधन म्हणून सोपवले आहे, तो त्याची देखभाल तशीच करणार.

७. परदेशांतील अनुभव

प्रगत देशांत सारे सुरळीत होते असे मानण्याचे कारण नाही. हिरोशिमावर अणुबाँब टाकणारे एनोला गे हे विमान १९५३ ते १९६० या काळात वॉशिंग्टनजवळील एका हवाई तळावर उघड्यावर पडून होते. त्यात पक्ष्यांनी घरटी केली आणि आठवण म्हणून भाग काढून नेणाऱ्यांनी त्याची नासधूस केली. १९८४ मध्ये सुरू झालेले त्याचे जतनकार्य जवळजवळ दोन दशके चालले आणि २००३ मध्ये ते पूर्ण स्वरूपात बंदिस्त दालनात मांडले गेले. सात वर्षांच्या दुर्लक्षाची भरपाई किती महाग पडते, हे यातून कळते.

ब्रिटनचा अनुभव अधिक उपयोगी आहे. तेथे हवाई तळांच्या दारांशी उभी असलेली मूळ स्पिटफायर विमाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस हलवण्यास आरंभ झाला आणि अनेक ठिकाणी त्यांच्या जागी फायबरग्लासच्या प्रतिकृती बसवण्यात आल्या. दारावर पुतळा हवा असेल तर तो पुतळाच असावा, मूळ वस्तूला त्या कामी झिजवू नये, असा विवेक यात आहे. तेथील हवाई दलाच्या संग्रहालयाने नॉर्वेतील एका तळ्यातून १९७३ मध्ये बाहेर काढलेले हॅलिफॅक्स हे बाँबफेकी विमान नवे न करता मोडक्या अवस्थेतच मांडले. चकाकी नसतानाही ते विमान प्रेक्षकाशी बोलते, कारण त्यातील प्रत्येक खूण खरी आहे.

जुने विमान पुन्हा उडवणे हा जतनाचा सर्वोच्च प्रकार आहे, हाही समज तपासून घेतला पाहिजे. २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये दुरुस्त करून भारतात आणलेल्या आणि परशुराम असे नामकरण झालेल्या डकोटावर व्हीपी ९०५ हा क्रमांक आहे. १९४७ मध्ये श्रीनगरला सैन्य नेणाऱ्या डकोटाचा तो क्रमांक त्या घटनेच्या स्मरणार्थ दिला आहे. हा गौरव योग्यच आहे. परंतु विमान वेगळे आणि क्रमांक वेगळा, ही बाब प्रेक्षकाला स्पष्टपणे सांगितली गेली पाहिजे. शिवाय उडणाऱ्या विमानाचे भाग सुरक्षिततेसाठी सतत बदलावे लागतात आणि अपघाताची शक्यता कायम राहते. २०१९ आणि २०२२ मध्ये अमेरिकेत महायुद्धकालीन बी-१७ विमानांच्या अपघातांत माणसे आणि दुर्मीळ विमाने दोन्ही गेली. म्हणून दुर्मीळ नमुन्यांसाठी स्थिर प्रदर्शन हाच योग्य मार्ग होय. मात्र ते छताखाली आणि नोंदींसह असावे.

८. संभाव्य आक्षेप

या विवेचनावर दोन आक्षेप घेतले जाऊ शकतात. पहिला खर्चाचा. शाळा, दवाखाने आणि पाणी यांची वानवा असलेल्या गावाने विमानासाठी छत का बांधावे? हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर विमानांची संख्या कमी करण्यात आहे. प्रत्येक चौकात विमान असण्याची गरज नाही. एकाच प्रकारची अनेक विमाने उघड्यावर झिजत ठेवण्यापेक्षा त्यांतील निवडक चांगली राखावीत, बाकीची सुट्या भागांसाठी आणि अध्यापनासाठी वापरावीत, हे स्वस्तही आहे आणि प्रामाणिकही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. विमान छताखाली, दोरीपलीकडे गेले तर सामान्य माणसाचा त्याच्याशी असलेला निकटचा संबंध तुटेल. संग्रहालयाचे तिकीट काढून जाणारा वर्ग आणि संध्याकाळी मुलांना घेऊन बागेत येणारा वर्ग एक नाही. या आक्षेपात तथ्य आहे. प्रतिकृती आणि विपुल संख्येने उपलब्ध असलेले नमुने लोकांमध्ये राहिलेच पाहिजेत. त्यांच्याविषयी पुतळ्याचा न्याय लावता येईल. आग्रह एवढाच की, हा न्याय लावण्यापूर्वी ते विमान दुर्मीळ नाही याची खात्री करून घेतलेली असावी. आज ही खात्री न करताच विमान चबुतऱ्यावर चढते.

९. महाविद्यालयांची भूमिका

निवृत्त विमाने काही शिक्षणसंस्थांनाही मिळतात. अशा संस्थांकडे जे मनुष्यबळ सहज उपलब्ध असते, ते कोणत्याही उद्यान विभागाकडे नसते. रसायनशास्त्र विभाग क्षरणाच्या नमुन्यांचे विश्लेषण करू शकतो, अभियांत्रिकीचे विद्यार्थी मोजमापे आणि आरेखने तयार करू शकतात, इतिहास विभाग निवृत्त तंत्रज्ञ व कामगारांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करू शकतो, राष्ट्रीय छात्रसेनेचे विद्यार्थी निचऱ्याची छिद्रे, घरटी आणि आच्छादने यांची नियमित पाहणी करू शकतात. या कामाआधी तज्ज्ञांकडून काही खबरदारी घेणे अनिवार्य आहे. आसनाखालील स्फोटके काढली आहेत का, जुन्या मापकांच्या तबकड्यांवर रेडिअमयुक्त रंग आहे का, कोठे ॲस्बेस्टॉस वापरले आहे का, याची तपासणी झाल्याखेरीज विद्यार्थ्यांना आत जाऊ देऊ नये.

या कामाचा क्रमही ठरलेला असावा. प्रथम विमानाची ओळख निश्चित करून त्याची नोंद करावी. नंतर आहे त्या अवस्थेची छायाचित्रे घ्यावीत. त्यानंतर पाणी आणि पक्षी यांचा मार्ग बंद करावा, चाकांवरील भार टेकूंवर घ्यावा. रंगकामाचा विचार सर्वात शेवटी करावा आणि जुन्या थरांचा एक लहान पट्टा मूळ स्थितीत राखून ठेवावा. यांतील पहिल्या तीन गोष्टींना फारसा पैसा लागत नाही. अशा नोंदी विविध संस्थांनी समान नमुन्यात ठेवल्या, तर त्यांतून देशातील स्थिर प्रदर्शनातील विमानांची एक नोंदवही तयार होऊ शकेल. तिच्या आधारे कोणते विमान आधी छताखाली घ्यायचे, हे ठरवता येईल.

निष्कर्ष

महाराष्ट्राच्या परंपरेत शस्त्राची निगा हा भाग नवा नाही. दसऱ्याला शस्त्र पूजले जाई तेव्हा ते आधी साफ केले जाई, त्याला तेल लावले जाई. पूजा आणि निगा एकमेकींपासून वेगळ्या नव्हत्या. विमानाच्या बाबतीत आपण पूजा ठेवली आणि निगा विसरलो. आपल्या किल्ल्यांवरील तोफांकडे दीर्घकाळ असेच पाहिले गेले आणि त्यांवरील लेख व खुणा पुष्कळशा पुसल्या गेल्यानंतर त्यांची नोंद घेण्यास आरंभ झाला. विमानांच्या बाबतीत तेवढा अवकाश मिळणार नाही, कारण त्यांचा पत्रा तोफेच्या लोखंडाइतका जाड नाही.

स्थिर प्रदर्शनातील लष्करी विमानांचा प्रश्न हा निधीच्या अभावाचा आहे तसाच दृष्टीच्या अभावाचाही आहे. विमानाला केवळ स्मारक मानल्याने त्याची देखभाल बाह्यरूपापुरती राहते आणि सद्हेतूने केलेले रंगकामही पुराव्याच्या नाशाला कारण होते. त्याला दस्तऐवज मानले तर नोंद, निवड, निवारा आणि शेवटी रंग असा जतनाचा क्रम आपोआप प्राप्त होतो. मिग-२१ चे सांगाडे येत्या काही वर्षांत ठिकठिकाणी उभे राहतील. त्यांपैकी प्रत्येकाचा क्रमांक, जन्मस्थान आणि सेवाकाळ चबुतऱ्यावर चढण्याआधी नोंदवला गेला, तर ओझरच्या कामगारांनी घडवलेले हे यंत्र पुढील पिढीला पाहण्यापुरतेच नव्हे, तर अभ्यासण्यासाठीही उपलब्ध राहील.